रमाबाईंची दोन घरं



आपल्या गटांच्या बैठकीत हिशेब संपला की गप्पा सुरू होतात आणि दोन प्रश्न हमखास निघतात. जिनं कुणाचं वाईट केलं नाही, तिच्याच वाट्याला भोग का? आणि जिचं पाऊल चुकलं, तिला परत जवळ करायचं का? हेच दोन प्रश्न पंडिता रमाबाईंनी आयुष्यभर उरावर वागवले. आज त्यांच्याविषयी बोलूया.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईनं ते लेकीला दिलं. पुढं दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागोमाग एक गेली. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, पण १८८२ साली नवराही गेला. पदरी मनोरमा, अजून लहानगी.

त्या काळी विधवा बाईला काय ऐकावं लागायचं? मागच्या जन्मीचं पाप, पांढऱ्या पायाची, नवऱ्याला गिळलं. दुःख तिचंच आणि दोषही तिचाच.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथल्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमचं एक घर दाखवलं. समाजानं वाईट चालीच्या म्हणून टाकलेल्या बायका तिथं राहत होत्या. त्यांना कुणी हिडीसफिडीस करत नव्हतं. प्रेमानं वागवून पुन्हा उभं केलं जात होतं. रमाबाई चकित झाल्या. आपल्याकडे अशा बाईला घोर शिक्षाच सांगितलेली त्यांनी वाचली होती. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका भगिनीनं येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. पाच नवरे झालेल्या त्या बाईशी येशू विहिरीवर बोलला, तिच्या हातचं पाणी मागितलं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

यातला विचार समजून घेऊ. आपला धर्म कोणताही असो. बायबलात एक जन्मांध माणूस येतो. पाप कुणाचं, याचं की आईबापाचं, असं शिष्य विचारतात. येशू सांगतो, दोघांचंही नाही. म्हणजे दुःख आलं की पाप असणारच, ही गाठ तो सोडवतो. पुढं तो स्वतः निर्दोष असून क्रुसावर जातो, आणि खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. शेजारी टांगलेला चोर पस्तावतो, त्यालाही तो जवळ करतो. दुःख भोगणाऱ्याच्या बाजूला देव उभा आहे आणि गुन्हेगारालाही दार बंद नाही, अशी ही श्रद्धा आहे.

रमाबाईंनी ती घरं बांधून दाखवली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं; पुढं ते पुण्याला गेलं. १८९३ साली धर्मांतराच्या संशयावरून मोठा गदारोळ झाला आणि बऱ्याच घरांनी मुली काढून नेल्या. तरी काम थांबलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुलीबाया आणल्या. दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १८९९ साली तिथंच कृपा सदन झालं, ज्यांना कुणीच दारात उभं करत नव्हतं अशा बायकांसाठी. केडगावात बायका शेती, विणकाम, छापखान्याचं काम शिकल्या. दया म्हणजे नुसती भाकरी नव्हे. कामही दिलं, अक्षरही दिलं.

इथं एक गोष्ट आम्हाला ठासून सांगायची आहे. क्षमेचा अर्थ मार खात राहा, असा कुणी लावत असेल तर तो रमाबाईंचा नाही. छळातल्या बाईला त्यांनी सोसायला परत पाठवलं नाही, छप्पर दिलं. क्षमा करायची की नाही, हे जिला दुखलं तिनं ठरवायचं. शेजारणींनी तिच्यावर ती लादू नये. आणि दयेच्या जोडीला कायदाही लागतो. आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली विधवाविवाहाचा आणि १९१९ साली स्त्रियांचा छळ रोखणारा कायदा केला. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, महाराज ६ मे रोजी. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या, पण दोघांनीही बाईच्या दुःखाला तिचं नशीब म्हटलं नाही.

आता तुमच्या गटात बोला. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलावतो का? हप्ता बुडवून गावातून गेलेली बाई परत आली, तर हिशेब मागावाच. पण तिला बसायला सतरंजीवर जागा देतो का? काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.