लॉर्ड कार्डिगनचा स्वेटर आणि आपली लोकर

या मालिकेत आजवर लढाया झाल्या, किल्ले झाले, तोफा झाल्या. आजचा विषय आहे हलका कार्डिगन, म्हणजे पुढून बटणांनी उघडणारा स्वेटर. त्याची लोकर कशी निवडायची आणि नमुना कोणता घ्यायचा, ते बघू. निवृत्त फौजी माणूस विणकामावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण हा स्वेटर, त्याची तिरकी बाही आणि आपण जिला माकडटोपी म्हणतो ती टोपी, या तिन्हींची इंग्रजी नावं एकाच युद्धातून आली आहेत. ते युद्ध क्रिमियाचं, १८५३ ते १८५६.

२५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा इथं ब्रिटिशांची लाइट ब्रिगेड, म्हणजे हलकं घोडदळ, चुकीच्या समजुतीतून थेट रशियन तोफांच्या तोंडी गेलं. सुमारे ६७० स्वारांपैकी ११० च्या आसपास मारले गेले. त्यांच्या पुढे होता जेम्स ब्रूडनेल, कार्डिगनचा सातवा अर्ल. तो वाचला आणि मायदेशी परतल्यावर काही काळ लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. तो घालायचा असं सांगितलं जाणारं लोकरीचं विणीचं जाकीट त्याच्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं. हाच गृहस्थ १८३७ मध्ये आपल्या रेजिमेंटचा प्रमुख म्हणून कानपूरला आला होता आणि थोडेच दिवस राहून परत गेला होता.

त्याचे सरसेनापती होते लॉर्ड रॅग्लन. १८१५ मध्ये वॉटर्लूला त्यांचा उजवा हात गेला होता. खांद्यावर न थांबता तिरकी थेट गळ्यापर्यंत जाणारी बाही त्यांच्या नावानं प्रसिद्ध झाली. आणि टोपीला नाव मिळालं त्या गावाचं.

पण क्रिमियात तोफांपेक्षा जास्त माणसं मारली ती रोगराईनं, थंडीनं आणि उपासमारीनं. १४ नोव्हेंबर १८५४ च्या वादळात 'प्रिन्स' नावाचं जहाज बंदराबाहेर बुडालं आणि सैन्यासाठी आणलेले हिवाळी कपडे तळाशी गेले. शिपाई चिखलात, फाटक्या गणवेशात रात्री काढत होते, तेव्हा लॉर्ड कार्डिगन आपल्या खासगी नौकेवर झोपायला जात असे.

हे दूरच्या देशातलं म्हणून सोडून देता येत नाही. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये नामका चू नदीच्या काठी आणि वरच्या ठाण्यांवर आपले जवान सुती गणवेशात उभे होते. काही ठाणी १४ हजार फुटांच्या आसपास होती. त्या ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी 'हिमालयन ब्लंडर' या पुस्तकात ही अवस्था लिहून ठेवली आहे. मग देशभर घराघरांत बायकांनी सुया हातात घेतल्या आणि जवानांसाठी स्वेटर विणले. मी तेव्हा पाळण्यात होतो. मोठ्यांकडून हे ऐकत वाढलो. त्या विणकामामागच्या मायेला माझा सलाम आहे. पण सैन्याच्या कपड्यांचं नियोजन थंडी पडल्यावर करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. कपडा आधी ठरवावा लागतो: कोणासाठी, कुठे आणि कशावर घालायचा. हेच तीन प्रश्न घरच्या कार्डिगनलाही लागू पडतात.

आधी लोकर. कानपूरला १८७६ मध्ये लोकरीची गिरणी निघाली, पुढे 'लाल इमली' म्हणून गाजली. पंजाबात धारीवाललाही मोठी गिरणी उभी राहिली. फौजेसाठी कांबळी आणि गरम कापड ही त्यांची मोठी कामं. आपल्याकडे दख्खनी मेंढीची लोकर धनगराच्या घोंगडीला उत्तम, पाऊस-वारा अंगावर घेणारी. पण ती जाड आणि खरखरीत, अंगालगतच्या स्वेटरला ती टोचते. म्हणजे लोकर मुळात चांगली की वाईट हा प्रश्नच नाही, ती कामाला योग्य हवी.

बंगळूरची संध्याकाळ किंवा इंदूरची डिसेंबरातली सकाळ यासाठी बारीक धाग्याची, चार पदरी मेरिनो किंवा मेरिनो-मिश्र लोकर घ्या. मोठ्या माणसाला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम पुरते. सुती धागा थंडावा देतो, पण वजनदार असतो आणि लोंबतो. अॅक्रिलिक स्वस्त आणि धुवायला सोपं. मात्र आगीजवळ ते वितळून कातडीला चिकटतं, तर लोकर सहज पेट घेत नाही. स्वेटर घालून गॅसपाशी उभं राहायचं असेल, तर हा फरक किमतीपेक्षा मोठा आहे. सगळ्या लच्छ्या एकाच लॉट नंबरच्या घ्या, नाहीतर एक बाही वेगळ्या रंगाची दिसेल.

आता नमुना. हलकेपणा हवा असेल तर वेण्यांची नक्षी टाळा, तिला लोकरही जास्त लागते आणि वजनही वाढतं. साधी सुलट वीण, कडांना एक सुलट एक उलट, एवढं पुरे. बाही रॅग्लन घ्या आणि गळ्याकडून खाली विणत या. विणता विणता अंगाला लावून बघता येतं आणि उंची आपल्या हातात राहते: साडीवर घालायचा तर कमरेपर्यंत, कुडत्यावर घालायचा तर थोडा खाली.

सुयांचे जुने नंबर उलटे चालतात: १० नंबर ३.२५ मिलिमीटर, १२ नंबर २.७५. आमच्याकडे बारा बोअरची बंदूक असते, तिचंही तसंच. आकडा वाढला की नळी बारीक. चार पदरी लोकरीला १० नंबरची सुई घ्या. सुरुवातीला हातभर नाही, पण दहा सेंटिमीटरच्या चौकोनापेक्षा थोडा मोठा तुकडा विणा, धुवा, वाळवा आणि मगच मोजा. दहा सेंटिमीटरमध्ये २८ टाके आणि ३६ ओळी आल्या तर माप बरोबर. टाके जास्त आले तर सुई जाड घ्या, कमी आले तर बारीक. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

फौजेत आम्ही अंगोला शर्टावर जर्सी चढवतो, ऊन वाढलं की उतरवतो. पुढून उघडणारा कार्डिगन त्याहून सोयीचा, डोक्यावरून काढावा लागत नाही. घरात कोणाचा खांदा दुखत असेल, कोणा वडीलधाऱ्यांचे हात वर जात नसतील, तर त्यांच्यासाठी आधी विणा. आणि सप्टेंबरातच टाके घाला, म्हणजे थंडी येईल तेव्हा स्वेटर तयार असेल.