सुभेदाराच्या नावाचा चाकू

जपानी पातं म्हटलं की सगळ्यांना सामुराईची तलवार आठवते. मला आठवतो तो 'हिगोनोकामी', शाळकरी पोरांच्या खिशातला, पेन्सिलीला टोक काढायचा घडीचा चाकू. नाव मात्र भारदस्त: हिगो प्रांताचा सुभेदार! (हिगो म्हणजे आजचं कुमामोतो.) आपण पेन्सिलीच्या चाकूला मल्हारराव म्हणावं, तसंच हे.

गंमत म्हणजे हा सुभेदार हिगोतला नव्हेच. त्याचं गाव मिकी, कोबेजवळचं. १५७८ ते १५८० हिदेयोशीने मिकीच्या किल्ल्याला वेढा घालून आतल्या लोकांना अक्षरशः उपाशी मारलं. मग उजाड गाव पुन्हा वसवायला कर माफ केले. सुतार आले, त्यांच्यामागे त्यांची हत्यारं घडवणारे लोहार आले. करवती, रंधे, पटाशा यांसाठी मिकी आजही ओळखलं जातं. चाकू तिथे १८९० च्या दशकात सुरू झाला आणि दक्षिणेला क्युशू बेटावर इतका खपला की नावही तिकडचंच पडलं, असं सांगतात.

१८७६ साली तलवार बाळगायला बंदी आली, बेकार तलवारकार चाकूंकडे वळले, ही कथा इंटरनेटवर फार फिरते. मला ती पटत नाही. मध्ये वीसेक वर्षं गेलेली, आणि मिकीचे लोहार आधीपासून सुतारांचेच!

चाकू अगदी साधा. पितळेचा किंवा लोखंडाचा पत्रा दुमडून केलेली मूठ, एक रिव्हेट, एक पातं. चांगल्या पात्यात मऊ लोखंडाच्या मध्ये कडक पोलाद असतं. त्या पोलादाचं नाव 'निळा कागद', कारण कारखाना त्यावर निळा कागद लावायचा! स्प्रिंग नाही, आपल्या रामपुरीसारखा खटका नाही. पात्याला मागे एक शेपटी असते, चिकिरी. ती अंगठ्याने दाबून पातं उघडायचं आणि कापतानाही दाबून धरायची. अंगठा सुटला तर पातं बोटावर. हातालाच शिकावं लागतं.

१२ ऑक्टोबर १९६० ला तोक्योत भर सभेत, कॅमेऱ्यांसमोर, सतरा वर्षांच्या मुलाने समाजवादी नेते असानुमा यांचा खून केला. हत्यार होतं आखूड तलवार. पण त्यानंतर 'मुलांच्या हाती पातं नको' ही मोहीम देशभर पसरली आणि पोरांच्या खिशातला हा चाकू गेला. तलवारीचा गुन्हा, शिक्षा पेन्सिलीच्या चाकूला! टोकयंत्रं आली, बोटं वाचली हे खरंच. तरी नागानो प्रांतातल्या एका शाळेने १९८० च्या दशकात उलट प्रथा पाडली: पहिलीतल्या प्रत्येक मुलाला एक हिगोनोकामी.

असो. हे नाव नोंदलेलं व्यापारचिन्ह आहे, मिकीच्या कारागीर संघाच्या सभासदांनाच ते वापरता येतं. एकेकाळी सभासद पुष्कळ होते. आता नागाओ हे एकच घर उरलंय.