फोंडा घाटातला हातब्रेक

राधानगरीहून दाजीपूरमार्गे कोकणात उतरणाऱ्या फोंडा घाटात गाडी थांबवून धरणे हे नेहमीच जोखमीचे काम. बैलगाडीच्या काळात चाकाच्या लोखंडी धावेवर लाकडी ठोकळा दोरीने आवळत आणि थांबल्यावर चाकाखाली दगड लावत. मोटारीत ही जबाबदारी हातब्रेकवर आली. महिंद्राने १९४० च्या दशकाअखेर जुळणीला घेतलेल्या विलीज जीपचा हातब्रेक चाकांवर नव्हे, तर मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर काम करी. १९५७-५८ च्या अँबेसेडरमध्ये तो मागच्या ड्रममधले ब्रेकशू दाबे, आणि हीच रचना पुढे रूढ झाली.

घाटमाथ्याच्या पावसात केबल गंजते, वापराने ताणते, शूचे अस्तर झिजते. लिव्हर पार वर येतो तरी गाडी सरकते. अशा वेळी नुसता केबलचा नट आवळणे चुकीचेच. पुढच्या चाकांना दगड लावून मागची उचलायची, ड्रममधला अॅडजस्टर शू टेकेपर्यंत फिरवून किंचित मागे घ्यायचा आणि उरलेला ढिलेपणा नटाने काढायचा. लिव्हर सोडल्यावर चाक मोकळे फिरलेच पाहिजे. नाहीतर ड्रम तापतो आणि नवे अस्तरही लवकर संपते.