धुळाक्षरापासून बाकापर्यंत

लातूरच्या आडत बाजारात पोत्यांची थप्पी लागते. एका थरात आठ पोती आणि असे सात थर झाले की हमाल न मोजता छप्पन्न म्हणतो. यांतील कित्येकांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही. आठाचा पाढा त्यांच्या पाठीला आणि पायांना ठाऊक आहे. आम्ही संघटनेच्या कामात अशाच माणसांत वावरलो, शिकलो तेही शाळेबाहेरच. म्हणून शिक्षणाच्या इतिहासात आमचे लक्ष पुस्तकांआधी मुलांच्या हातापायांकडे जाते.

जुन्या पंतोजींच्या शाळेला आपण नावे ठेवतो, आणि ती ठेवण्यासारखीच होती. छडी होती, घोकंपट्टी होती, आणि गावातील कितीतरी जातींच्या मुलांना तेथे दारच बंद होते. तरी एक गोष्ट तेथे शहाणपणाची होती. पाटीवर धूळ पसरून मूल बोटाने अक्षर गिरवी. धुळाक्षर हा शब्द तिथलाच. वळण डोळ्यांत बसण्याआधी बोटात बसे. पुढे बाके आली आणि हलणारे मूल वात्रट ठरले. शरीराला वर्गात काम उरले ते शिक्षेपुरते: उठाबशा आणि अंगठे धरणे!

मराठवाड्यात याला आणखी एक पदर होता. निजामी राजवटीत वरच्या इयत्तांचे शिक्षण उर्दूतून चाले. उर्दूशी आमचे भांडण नाही, ती गोड भाषा आहे. परंतु नांदेडच्या ज्या मुलाच्या घरी मराठी, त्याला गप्प बसून घोकण्यावाचून गत्यंतर नसे. १९४८ साली ती राजवट गेली, माध्यमही बदलले. बैठक मात्र तशीच राहिली.

त्याच्या कितीतरी आधी, ६ जानेवारी १९०७ रोजी, रोमच्या सान लोरेंझो या कामकरी वस्तीत मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंनी बालगृह उघडले होते. आईबाप कामावर गेले की मुले जिने आणि भिंती खराब करीत, म्हणून इमारतवाल्यांनीच ती खोली दिली. चुन्याचा खर्च वाचावा यासाठी का होईना, मालकांच्या हातून एक चांगले काम झाले. तेथे मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटे फिरवीत, जमिनीवरील रेषेवरून तोल सांभाळीत चालत. आमचे धुळाक्षरच ते, फक्त छडीवाचून.

हा विचार आपल्याकडे रुजवणाऱ्यांत ताराबाई मोडक होत्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून १९४५ साली त्या बोर्डीस आल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागडी साधने पाड्यावर काय कामाची? मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात गेली, आणि तिला अंगणवाडी म्हणू लागले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिंपले, बिया, खडे हेच मोजण्याचे साहित्य. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ज्या पोराच्या मागे गुरे आणि काखेत धाकटे भावंड, ते बाकावर बसणार कसे? तेथे हालचाल ही शिकवण्याची युक्ती नव्हती, शिकणाऱ्याची ती अटच होती. १९७५ साली सरकारी योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले.

नुसत्या उड्या मारून गणित येत नाही, हेही सांगितले पाहिजे. हालचालीत धडा असावा लागतो. फरशीवर खडूने अंक मांडावे, सातावर उभ्या राहिलेल्या मुलाने तीन पावले पुढे जावे आणि दहावर पोचावे. येथे पाऊल म्हणजेच बेरीज.

आज लातूर पॅटर्नचे नाव सर्वत्र आहे. त्या बैठकीच्या जोरावर कष्टकऱ्यांची मुले डॉक्टर झाली, त्याची थट्टा आम्ही करणार नाही. परंतु सतरा वर्षांच्या मुलाची बैठक सहा वर्षांच्या मुलावर लादली जाते, याला आमचा विरोध आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात. गिरणीत पाळ्यांचे तास मागताना आम्ही जेवढे संघटित होतो, तेवढे या समितीत अजून नाही. पहिली-दुसरीच्या वर्गात रोज अर्धा तास बाके भिंतीला लावावीत, ही मागणी तेथे मांडण्यास पैसा लागत नाही. खडूची एक पेटी पुरते.