शेवाळाची शाळा

शेवाळावरून पाय घसरतो, यापलीकडे आपण त्याची सहसा दखल घेत नाही. पावसाळ्यात भिंतींवर आणि झाडांच्या सालींवर जो मखमली हिरवा थर धरतो, त्यात मॉस नावाच्या वनस्पती पुष्कळ असतात. त्यांच्या जाती हजारोंनी मोजाव्या लागतात. त्या ओळखण्याची विद्या कोणी कमावली याचा शोध घेताना मला प्राध्यापकांच्या पंक्तीतच कापड कामगारही बसलेले दिसले.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मँचेस्टरच्या आसपासचे विणकर रविवारी गावच्या मद्यगृहात जमत. जो तो रानातून आणलेली रोपे टेबलावर ठेवी. अध्यक्ष एकेक उचलून त्याचे लॅटिन नाव मोठ्याने सांगे, आणि मग ते रोप हातोहात फिरे. वर्गणीतून पेय येई, तशी पुस्तकेही येत, आणि ती सर्वांच्या मालकीची असत. जॉन हॉर्सफील्ड या विणकराने लिनीयसने पाडलेल्या चोवीस वर्गांची नावे कागदावर लिहून मागाच्या खांबाला टाचली होती. हाताने धोटा चाले, डोळ्यांनी अभ्यास. मँचेस्टरच्या वखारीत नोकरी करणाऱ्या एडवर्ड हॉब्सनने १८१८ पासून वाळवलेले खरे नमुने चिकटवून मॉसचे संग्रहग्रंथच काढले. छापील वर्णन ज्याला उमगत नसे, त्यालाही नमुना उमगे. या बैठकांत स्त्रियांना मात्र जवळजवळ स्थान नव्हते. हा उणेपणा झाकण्याचे कारण नाही.

या अभ्यासाला डोळा आणि धीर दोन्ही लागतात. मॉसला खरी मुळे नसतात. त्याचे पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचे असते आणि ते सर्वांगाने पाणी पिते. कोरडे पडले की ते आकसते, आणि पाणी मिळताच अनेक जाती पुन्हा टवटवीत होतात. फलधारणेलाही पाण्याचा पातळ थर लागतो. मग बारीक दांडीवर बीजाणूंची कुपी येते. तिचे झाकण गळते, आणि बहुतेक जातींत तोंडाशी असलेले सूक्ष्म दात हवेच्या ओलीप्रमाणे हलून बीजाणू थोडेथोडे सोडतात. पानाची शीर, कडेचे दाते, कुपीचे तोंड ही ओळखीची लक्षणे. ती भिंगातून पाहावी लागतात, आणि कोणीतरी जाणत्याने एकदा तरी बोट ठेवून दाखवावी लागतात.

त्याच उत्तर इंग्लंडात, यॉर्कशरमध्ये, १८१७ साली एका शाळामास्तराच्या घरी रिचर्ड स्प्रूस जन्मला. विद्यापीठात न जाता, पायी भटकून आणि जाणकारांशी पत्रव्यवहार करून तो मॉसचा पंडित झाला. १८४९ साली तो ॲमेझॉनच्या खोऱ्यात उतरला. घरची विद्या तेथे पुन्हा कसाला लागली. उष्ण सखल अरण्यात नुसती जमीन पाहून भागत नाही. मॉसची भावंडे जी लिव्हरवर्ट, ती जिवंत पानांच्या पाठीवरही वाढतात. आणि अँडीजच्या धुकट उतारांवर तर फांद्या हिरव्या झुलींनी झाकून जातात. त्याने पंधरा वर्षे होडीने आणि पायी हा प्रदेश धुंडाळला. नमुने विकून पोट भरले.

प्रकृती ढासळलेली असतानाच १८६० साली त्याने ब्रिटिश सरकारसाठी इक्वेडोरमधून सिंकोनाची सुमारे एक लाख बीजे आणि सहाशेंवर रोपे मिळवली. त्यांतून निलगिरीतल्या सरकारी मळ्यांना लाल सालीची सिंकोना लाभली. हिवतापावरचे औषध या झाडाच्या सालीतून निघते. साम्राज्याला त्याचे एवढेच काम मोलाचे वाटले. त्याने स्वतः मात्र उरलेले आयुष्य तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर, खेड्यातल्या लहानशा घरात लिव्हरवर्ट तपासण्यात घालवले. १८८४-८५ साली प्रसिद्ध झालेला त्याचा ॲमेझॉन आणि अँडीजच्या लिव्हरवर्टांवरचा ग्रंथ अभ्यासकांना आजही चाळावा लागतो.

कामगाराला विद्या नको, भाकरी हवी, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. भाकरीसाठी तर आम्ही झगडतोच. परंतु मागाला टाचलेला तो कागद सांगतो की, माणसाला भाकरीनंतरचेही काही हवे असते, आणि ते तो चार जणांत बसून मिळवू शकतो. सह्याद्रीत पावसाळा आला की शाळा भरलेलीच असते. एक भिंग, एक जाणता आणि नाव सांगितल्यावर नमुना पुढच्याच्या हाती देण्याची दानत, एवढी तिची फी.