चुन्याच्या लेपाची कुळकथा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा-कोरपना पट्ट्यात चुनखडी भरपूर. गडचांदूर, आवारपूरचे सिमेंट कारखाने तिच्यावरच उभे राहिले. चुनखडी भट्टीत भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हमधला कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर टाकणारा भाग, याच क्रियेतून घडला.

तापलेल्या तारेपासून निर्वात जागेतून विद्युतप्रवाह वाहतो, हे एडिसनच्या दिव्यात १८८३ सालापर्यंत दिसले होते. पण नुसत्या टंगस्टनला त्यासाठी सुमारे २,२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागे. १९०४ च्या सुमारास जर्मनीत आर्थर वेनेल्ट यांना आढळले, की प्लॅटिनमवर कॅल्शियम किंवा बेरियमच्या ऑक्साइडचा लेप असला तर कितीतरी कमी उष्णतेत इलेक्ट्रॉन सुटतात. पुढे प्लॅटिनमच्या जागी निकेलची बारीक नळी आली आणि ७५०-८०० अंशांवर काम भागू लागले.

हा लेप चढवायची रीत फार देखणी आहे. ऑक्साइड थेट लावला तर हवेतला ओलावा पिऊन तो कळीच्या चुन्यासारखाच फुलून येईल. म्हणून बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम यांची कार्बोनेटे नळीवर फवारतात. काचेतली हवा पंप ओढत असतानाच नळी तापवतात. सुटलेला कार्बन डायऑक्साइड पंपावाटे जातो आणि ऑक्साइड तयार होतो तो थेट निर्वातात. मग त्यातले किंचित बेरियम सुटे होते. इलेक्ट्रॉनला वाट मिळते ती त्याच्यामुळे. ते उडून जात राहते आणि लेपातून नवे येत राहते.

बेरियम सुटे करण्यात निकेलमधल्या मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या सूक्ष्म अंशाचा हात असतो. तो अंश जास्त झाला तर सुरुवातीला जोर भरपूर, पण लेप लवकर संपतो. १९५६ साली अटलांटिकखाली टाकलेल्या टेलिफोन केबलमधल्या व्हॉल्व्हचा लेप टिकावा म्हणून कॅथोड मुद्दाम कमी तापवला. केबल १९७८ साली बंद केली, तोवर तिचे व्हॉल्व्ह चालूच होते.

इकडे नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली, तेव्हा गडचिरोली चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातच होते. जंगलातल्या बिनविजेच्या गावी बॅटरीचाच सेट चालणार. पुढे आलेल्या डीके-९६ सारख्या व्हॉल्व्हची लेप दिलेली तार १.४ व्होल्टवर अवघे २५ मिलीअँपिअर घेई. उघड्या टंगस्टनच्या तारेने असल्या कोरड्या बॅटऱ्या बघता बघता संपवल्या असत्या.