कॅरिअ‍ॅटिड : संज्ञा, शिल्प आणि शिक्षा

अभिजात वास्तुकलेच्या परिभाषेतून इंग्रजीत रूढ झालेल्या बहुतेक संज्ञांना आपला इतिहास आता बरोबर बाळगावा लागत नाही. ‘कॉलम’ वर्तमानपत्रात गेला, ‘पोर्टिको’ बंगल्यापुढे आला, आणि या स्थलांतरात त्यांचे मूळ कोणी विचारले नाही. ‘कॅरिअ‍ॅटिड’ ही संज्ञा मात्र एका कथेसह वावरते. स्तंभाच्या जागी उभी राहून छताचा भार डोक्यावर घेणारी वस्त्रावृत स्त्रीप्रतिमा हा तिचा वाच्यार्थ. कोशात या अर्थाशेजारी पुष्कळदा एका शिक्षेची हकिकत येते, आणि शब्दाचा लाक्षणिक वापर तिच्यावरच पोसला जातो.

ही हकिकत इसवीसनपूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हिअसची आहे. आपल्या दहा खंडांच्या ग्रंथाच्या आरंभीच तो वास्तुविदाला इतिहास ठाऊक असला पाहिजे असे बजावतो आणि उदाहरण म्हणून हीच प्रतिमा घेतो. पेलोपोनीजमधील कॅरिए या नगराने ग्रीकांविरुद्ध इराण्यांची बाजू घेतली. विजयी ग्रीकांनी नगर उद्ध्वस्त केले, पुरुष मारले आणि स्त्रियांना दासी केले. त्यांना कुलीन विवाहितेची वस्त्रे व अलंकार उतरवण्याची मुभा नव्हती, कारण त्यांची अप्रतिष्ठा सतत दिसत राहायला हवी होती. वास्तुविदांनी मग त्यांना दगडात घडवून भार वाहायला लावले. यालाच जोडून तो स्पार्टातील, प्लॅटीआच्या विजयाच्या स्मरणार्थ उभारलेल्या आणि इराणी युद्धकैद्यांच्या प्रतिमांनी तोललेल्या दालनाची गोष्ट सांगतो. स्तंभ म्हणजे जित, छत म्हणजे जेत्याची सत्ता, असे हे समीकरण आहे.

पुराव्याच्या कसोटीला हे समीकरण उतरत नाही. डेल्फी येथील सिफनोसवासीयांच्या कोषागारात अशा स्त्रीप्रतिमा इसवीसनपूर्व 525च्या सुमारास, म्हणजे ग्रीस आणि इराण यांच्यातील महायुद्धाच्या आधीच, उभ्या होत्या. हेरोडोटसने इराण्यांना मिळालेल्या ग्रीकांची नोंद ठेवली, पण त्यात कॅरिए नाही. कॅरिएचा विध्वंस झाला तो इसवीसनपूर्व 368मध्ये, आणि तोही स्पार्टाकडून : ल्यूक्ट्राच्या पराभवानंतर हे गाव स्पार्टाची साथ सोडून थीब्जकडे झुकले होते. अथेन्सच्या एरेक्थिऑनमधील सहा सुप्रसिद्ध प्रतिमा त्याआधीच, पाचव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत घडवल्या गेल्या होत्या.

त्या मंदिराच्या बांधकामाचा शिलालेखात कोरलेला हिशेब उपलब्ध आहे. त्यात या प्रतिमांना ‘कोराय’, म्हणजे केवळ ‘कुमारिका’, म्हटले आहे. शिल्पाची साक्षही तीच आहे. व्हिट्रुव्हिअसच्या कथेत विवाहित स्त्रिया आहेत. येथे जाड वेण्या पाठीवर सोडलेल्या मुली आहेत. एक गुडघा किंचित दुमडलेला, दुसऱ्या पायावरून वस्त्राच्या चुण्या स्तंभावरील खोबणींसारख्या सरळ उतरलेल्या. चेहऱ्यावर श्रमाची रेषा नाही. दगड मानेपाशी मोडण्याचा धोका अधिक, म्हणून तेथे वेण्यांचा भरदार केशभार ठेवला आहे. भार पेलण्याची गरज सौंदर्यातच विरघळवलेली आहे. शिक्षेचे चिन्ह कोठेही नाही.

मग कॅरिएचे नाव कोठून आले? लॅकोनियातील या गावी आर्टेमिस देवीचे स्थान होते आणि तेथे स्पार्टाच्या कुमारिका दरवर्षी नृत्य करीत, असे पॉसेनिअस सांगतो. ‘कॅरिएच्या मुली’ ही संज्ञा प्रथम या नर्तकींची होती, असे मानण्यास आधार आहे. आथेनेअसने जतन केलेल्या एका किश्श्यात मोडकळीस आलेल्या घरात जेवायला बसलेला विनोदी भोजनभाऊ म्हणतो की, येथे कॅरिएच्या मुलींसारखा डावा हात छताला लावूनच जेवले पाहिजे. म्हणजे व्हिट्रुव्हिअसच्या पुष्कळ आधी नर्तकीची हस्तमुद्रा आणि छताचा आधार यांची सांगड बोलीत बसली होती. मात्र तिच्यात थट्टा होती, सूड नव्हता.

नृत्याचे दास्यात झालेले हे रूपांतर केवळ व्युत्पत्तीतील चूक नव्हे. व्हिट्रुव्हिअसने आपला ग्रंथ ऑगस्टसला अर्पण केला. याच सम्राटाच्या फोरममध्ये, इसवीसनपूर्व 2मध्ये ज्याचे लोकार्पण झाले त्यात, एरेक्थिऑनच्या प्रतिमांच्या प्रतिकृती ओळीने लावल्या गेल्या. साम्राज्याला अलंकारातही जित समाज दिसणे सोयीचे होते. पुनरुज्जीवनकाळात युरोपने व्हिट्रुव्हिअस वाचला आणि एरेक्थिऑन बराच नंतर पाहिले. त्यामुळे संहिता शिल्पाच्या आधी पोहोचली. पुढे एल्गिनने सहांपैकी एक प्रतिमा लंडनला नेली आणि 1816मध्ये ती ब्रिटिश म्युझियमची झाली. उरलेल्या पाच आज अ‍ॅक्रोपोलिसच्या संग्रहालयात आहेत आणि मूळ जागी प्रतिकृती उभ्या आहेत. इतिहासाने आणलेले बंदिवासाचे रूप असे व्हिट्रुव्हिअसच्या कथेला उशिरा येऊन मिळाले.

भार वाहणाऱ्या पुरुषप्रतिमेशी तुलना केली की संज्ञेतील विषमता उघड होते. ग्रीक तिला ‘अ‍ॅटलांटेस’ आणि रोमन ‘टेलॅमोनेस’ म्हणत, असे व्हिट्रुव्हिअसच नोंदवतो. पुरुषाच्या वाट्याला पुराणपुरुषाचे विशेषनाम आले. स्त्रीच्या वाट्याला गावाचे नाव आणि त्या गावाचा अपराध. आन्येस व्हार्दाने पॅरिसच्या इमारतींवरील या प्रतिमांवर 1984मध्ये लघुपट केला, तेव्हा शीर्षकातच ‘तथाकथित’ हा अर्थ गोवला. नामकरणाविषयीची ती शंका रास्त होती.

मराठीत या संज्ञेसाठी ‘भारवाहिनी’ हा प्रतिशब्द सहज सुचतो, आणि तो स्वीकारताच व्हिट्रुव्हिअसचा निवाडाही स्वीकारला जातो. वास्तविक ‘शालभंजिका’ हा शब्द हाताशी आहे. शालवृक्षाची फुले तोडण्याच्या क्रीडेचे ते नाव. पुढे ते तोरणाला बिलगलेल्या स्त्रीप्रतिमेला आणि मग पुतळीमात्राला लागू झाले. दोन्ही प्रतिमा एक नव्हेत. सांचीची स्त्री फांदीला लोंबते, अथेन्सची कुमारिका ताठ उभी राहते. परंतु खेळातून शिल्पाकडे झालेला प्रवास येथे शब्दाने पुसलेला नाही. ‘कॅरिअ‍ॅटिड’च्या बाबतीत तो पुसला गेला. म्हणून सोसणाऱ्या स्त्रीचे रूपक म्हणून ती संज्ञा योजणाऱ्या समीक्षेने आधी एवढे तपासावे की, ते सोसणे प्रतिमेचे आहे की तिच्यावर लिहिलेल्या टीपेचे.